सफारीच्या अलीकडचा टांझानिया

टांझानियाला जाणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक सहलींचा आराखडा एकाच छापाचा असतो. किलिमांजारो विमानतळावर उतरायचं, जीपमध्ये बसायचं, सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो उरकायचं, झांझिबारच्या वाळूत दोन दिवस लोळायचं आणि परतायचं. सिंह दिसतो, हत्ती दिसतो, नशीब जोरावर असेल तर चित्ता धावतानाही दिसतो. माणूस दिसतो तो मात्र जीपचा चालक किंवा हॉटेलातला वाढपी म्हणून. सहा कोटींहून जास्त लोकवस्तीच्या देशातून नुसते जनावरांचे फोटो घेऊन यायचं, हे मला तरी पटत नाही. म्हणून या लेखात प्राणी नाहीत. दार-ए-सलाम, अरुशा किंवा झांझिबारचं जुनं शहर, अशा ठिकाणी चार दिवस साध्या माणसांत काढायचे असतील तर काय ठाऊक असावं आणि काय टाळावं, तेवढंच इथे सांगतो.

सुरुवात नमस्कारापासून, कारण तिथला सगळा व्यवहार त्याच्यावर चालतो. दुकानात शिरल्या शिरल्या ‘केवढ्याला?’ असं विचारलंत तर दुकानदार किंमत सांगेल, पण चेहऱ्यावर नापसंती उमटेलच. आधी ‘हबारी’ म्हणायचं, म्हणजे काय खबर. उत्तर येतं ‘न्झुरी’, छान. मग सकाळची खबर, कामाची खबर, घरची खबर. प्रत्येकाचं उत्तर न्झुरीच. अंगात ताप असला तरी आधी न्झुरी म्हणायचं आणि नंतर तापाचं सांगायचं. तरुण पोरं एकमेकांना ‘माम्बो’ म्हणतात, त्यावर ‘पोआ’ म्हणायचं. हे सगळं व्हायला अर्धं मिनिट लागतं. ते वाचवायला जाल तर पुढची दहा मिनिटं जातील, कारण घाईतल्या माणसाचं काम घाईने करायची तिथे कुणालाच हौस नसते.

वडीलधाऱ्यांसाठी वेगळा नमस्कार आहे आणि तो चुकवू नये. आईवडिलांच्या वयाचं कुणीही समोर आलं की ‘शिकामो’ म्हणायचं. ते ‘मराहाबा’ म्हणून त्याचा स्वीकार करतात. परक्या माणसाच्या तोंडून शिकामो ऐकल्यावर भाजीवाल्या आजीबाईंचा चेहरा कसा खुलतो, ते एकदा बघाच. आणि तुमचे केस पिकलेले असतील तर उलटंही होईल. गणवेशातली शाळकरी पोरं वाटेत तुम्हाला शिकामो म्हणतील आणि उत्तराची वाट बघतील. तेव्हा नुसतं हसून पुढे जाऊ नका. मराहाबा म्हणा, म्हणजे पोरं सुटतील.

हाक मारतानाही नातं लावायचं. जेवण वाढणाऱ्या तरुणीला ‘दादा’ आणि रिक्षावाल्याला ‘काका’ म्हणायचं, कारण तिकडे दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. मराठी जिभेला पहिला दिवस हे जड जातं. थोराड बाईला ‘मामा’ म्हणावं, म्हणजे आई. ओळख वाढली की तिच्या थोरल्या मुलाचं नाव जोडून मामा अमुक, मामा तमुक. ‘पोले’ हा शब्दही दिवसभर कानावर पडेल. रस्त्यात तुम्हाला ठेच लागली तर पलीकडून जाणारा अनोळखी माणूस पोले म्हणेल. त्याची काही चूक नसते, तुमच्या दुखण्याची त्याने घेतलेली ती नोंद असते. कामावरून आलेल्या माणसालाही पोले म्हणतात. आणि बसमध्ये शेजारी कुणी डबा उघडला तर ‘करिबू’ म्हणत तो तुमच्यापुढे धरेल. आपण ‘या जेवायला’ म्हणतो तसलाच हा उपचार आहे, तेव्हा ‘असांते’ म्हणून आभार मानायचे आणि हात मागेच ठेवायचा.

आता एक जरा अवघड गोष्ट. तिथे तुम्ही मराठी नसता, महाराष्ट्रीयही नसता. तुम्ही ‘म्हिंदी’ असता, आणि म्हिंदी म्हटल्यावर समोरच्याच्या मनात गल्ल्यावर बसलेला दुकानदार उभा राहतो. गुजराती आणि कच्छी व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहेत. दार-ए-सलामच्या उपांगा, किसुटू भागांत देवळं, जमातखाने, मिठाईची दुकानं असा सगळा जामानिमा आहे. हे संबंध नेहमीच गोडीगुलाबीचे नव्हते. १९७१ साली ज्युलियस न्येरेरेंच्या सरकारने भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारती ताब्यात घेतल्या. त्यातल्या बहुतेक भारतीय वंशाच्या लोकांच्या होत्या, आणि त्यानंतर अनेक कुटुंबं ब्रिटन-कॅनडाला निघून गेली. शेजारच्या युगांडात इदी अमीनने पुढच्याच वर्षी आशियाई लोकांची हकालपट्टी केली, तसं टांझानियात घडलं नाही. अमीर जमाल हे भारतीय वंशाचे गृहस्थ न्येरेरेंच्या मंत्रिमंडळात बराच काळ अर्थमंत्री होते. पण दुकानदार आणि नोकर यांच्यातलं अंतर अजून पुरतं मिटलेलं नाही. पाहुणा भारतीय चालकाला चुटकी वाजवून बोलावतो, किंवा त्याच्यादेखत आपसात हिंदीत त्याच्याबद्दल बोलतो, तेव्हा ते त्या माणसाला नवं नसतं, आणि म्हणून जास्त लागतं. चालकाचं नाव पहिल्याच दिवशी विचारून घ्या आणि जेवायला थांबलात तर त्यालाही आपल्याच टेबलाशी बसवा. माझ्या मते कितीही मोठ्या बक्षिसीपेक्षा त्याची किंमत जास्त आहे.

घड्याळाचं न सांगता पुढे गेलो तर तुमची बस नक्की चुकेल. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. विषुववृत्त जवळ असल्याने दिवस-रात्र बारा महिने जवळपास सारखीच असतात, त्यामुळे हा हिशेब त्यांना सोयीचा पडतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांची ‘साआ मोजा’, पहिला तास. आपले आठ म्हणजे दोन, आपले दहा म्हणजे चार. त्यांनी सांगितलेल्या आकड्यात सहा मिळवायचे, एवढाच नियम. घोटाळा होतो तो अर्धवट इंग्रजीत बोलताना. ‘दोन वाजता या’ असं इंग्रजीत सांगणारा माणूस मनातल्या मनात स्वाहिलीतून भाषांतर करत असेल, तर त्याला सकाळचे आठ म्हणायचे असतात. विशेषतः पहाटे विमानतळावर जायला गाडी ठरवताना तोंडी वेळेवर विसंबू नका. मोबाइलच्या पडद्यावर आकडे टाकून दाखवा आणि सकाळ की रात्र तेही पक्कं करून घ्या. बसच्या तिकिटावर हाताने लिहिलेली वेळ असेल तर ती कुठल्या हिशेबाची, ते खिडकीवरच विचारा. हे झालं त्यांच्या घड्याळाचं. भारत टांझानियाच्या अडीच तास पुढे आहे, हा हिशेब घरी फोन करताना वेगळा लावायचा.

शहरात फिरायचं खरं वाहन म्हणजे दालादाला. ही मिनीबस असते, अंगावर मार्गाप्रमाणे रंगीत पट्टा आणि पुढे दोन टोकांच्या थांब्यांची नावं. पोस्टा, म्वेंगे, कारियाकू, म्बागाला ही नावं कंडक्टर दारात लोंबकळत एका दमात ओरडत असतो. त्याला ‘कोंडा’ म्हणतात. आत शिरल्यावर तो तिकिटाचे पैसे मागायला तोंड उघडत नाही. मुठीतली नाणी तुमच्या कानाशी खुळखुळवतो. नव्या माणसाला वाटतं, हा नुसता चाळा आहे. दुसऱ्यांदा खुळखुळ झाली की आसपासची मंडळी तुमच्याकडे बघायला लागतात. उभ्या माणसाची पिशवी बसलेला माणूस न विचारता मांडीवर घेतो, कधी लहान मूलही घेतो. पिशवी घेणाऱ्यावर संशय घेऊ नका, पण पाकीट आणि फोन पुढच्या खिशात हवेत, विशेषतः कारियाकूच्या बाजारात. उतरायचं असेल तेव्हा ‘शुशा!’ असं मोठ्याने म्हणायचं. हळू म्हणाल तर पुढच्या थांब्यावर उतराल.

दार-ए-सलाममध्ये २०१६पासून स्वतंत्र मार्गिकेवरून धावणाऱ्या बसही आहेत. ‘म्वेंडोकासी’ म्हणजे वेगाने जाणारी, पण सकाळ-संध्याकाळची गर्दी पाहता तिथे वेगापेक्षा धक्के जास्त मिळतात. छोट्या अंतरासाठी बजाजी घ्या. आपली तीनचाकी रिक्षाच ती. पुण्याच्या कंपनीचं नाव तिथे वाहनाचंच नाव होऊन बसलं आहे. भाडं बसण्याआधी ठरवायचं किंवा ॲपवरून बोलवायची. मोटारसायकलवर मागे बसवून नेणारे ‘बोडाबोडा’ स्वस्त आणि चपळ असतात, पण बहुतेकांकडे तुमच्यासाठी हेल्मेट नसतं आणि ट्रकच्या मधून घुसायची त्यांना सवय असते. मी तरी कुणाला त्याची शिफारस करणार नाही, मग कितीही घाई असो. लांबच्या प्रवासाला मात्र आता छान सोय झाली आहे. दार-ए-सलामहून मोरोगोरोमार्गे राजधानी दोदोमाला जाणारी विजेवरची नवी रेल्वे २०२४मध्ये सुरू झाली. बसला दिवसाचा मोठा भाग लागायचा, तिथे आता साडेतीन-चार तासांत पोचता येतं. तिकिटाला पासपोर्ट लागतो.

खाण्याच्या बाबतीत मराठी माणूस तिथे उपाशी राहील, ही भीती निराधार आहे. अट एकच, हॉटेलच्या बाहेर पडायचं. दुपारी बांधकामाच्या शेजारी, बाजाराच्या मागे, कचेऱ्यांच्या गल्लीत पत्र्याच्या छपराखाली बायका मोठमोठी पातेली मांडून बसलेल्या दिसतील. यांना ‘मामा लिशे’ म्हणतात, जेवू घालणारी आई. बाकावर बसलात की एक मुलगी जग आणि घमेलं घेऊन येते. तुम्ही घमेल्यावर हात धरायचे, ती वरून कोमट पाणी सोडते, साबणाची वडीही पुढे करते. जेवणाआधी आणि जेवणानंतर हे होतंच, ते टाळून थेट ताटात हात घालू नका. मग समोर येतो उगालीचा गोळा. मक्याचं पांढरं पीठ उकळत्या पाण्यात लाकडी पळीने घोटघोटून घट्ट केलेला, बिनमिठाचा. लिंबाएवढा तुकडा तोडायचा, उजव्या तळहातात वळायचा, अंगठ्याने मध्ये खळगा करायचा आणि त्या खळग्यात कालवण उचलायचं. नुसती उगाली खाऊन ‘बेचव आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. कालवणाशिवाय भाकरीचं तरी काय होतं?

सोबत ‘महारागे’ म्हणजे शिजवलेल्या घेवड्याची आमटी, ‘म्चिचा’ ही माठाच्या जातीची पालेभाजी आणि ‘काचुंबारी’, म्हणजे कांदा-टोमॅटोची कोशिंबीर. भात हवा असेल तर ‘वाली’ मागा. किनाऱ्यावर तो नारळाच्या दुधात शिजवतात. असं भरपेट ताट साध्या ठिकाणी दोन-तीन हजार शिलिंगांत होतं. ऐकून दचकू नका, एका रुपयाला साधारण तीसच्या आत-बाहेर शिलिंग मिळतात.

शाकाहाऱ्यांनी एक वाक्य पाठ करावं, आणि पूर्ण करावं. ‘सिली न्यामा’ म्हणजे मी मांस खात नाही. पण एवढ्यावर थांबलात तर कोंबडी येईल, कारण न्यामा म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे बोकड किंवा बैल येतो. म्हणून ‘सिली कुकू, सिली समाकी’ हेही जोडायचं, म्हणजे कोंबडी नको आणि मासाही नको. अंडं चालत असेल तर ‘चिप्सी मयाई’ हा मधल्या वेळचा उत्तम आधार आहे. बटाट्याच्या तळलेल्या फोडींवर अंडं ओतून केलेली जाड पोळी, कुठल्याही कोपऱ्यावर मिळते. तळणीचं तेल मात्र एकच असतं, काटेकोर पाळणाऱ्यांनी विचारून घ्यावं.

सकाळच्या न्याहारीसाठी झांझिबार आणि किनारपट्टीसारखी जागा नाही. आप्पेपात्रासारख्या खळग्यांच्या तव्यात तांदळाचे गोडसर ‘वितुंबुआ’ निघत असतात. त्यांच्या शेजारी त्रिकोणी फुगलेले ‘मांदाझी’, आणि ‘म्बाझी’, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली तूर. टांझानिया आपल्याला तूर पुरवणाऱ्या देशांपैकी एक आहे. आपल्या घरच्या वरणातली काही डाळ तिकडच्या शेतातून आलेली असू शकते, पण आपण ती भरडून खातो आणि ते अख्खी. मांदाझी म्बाझीत बुडवून खा, वर आलं-वेलदोड्याचा चहा घ्या. दुधाचा हवा तर ‘चाय या मझिवा’ म्हणावं लागतं, नुसतं चाय म्हटल्यावर बऱ्याचदा काळा येतो. पाणी नळाचं पिऊ नये, एवढं बजावून खाण्याचा विषय संपवतो.

बाजारात भाजी वजनावर कमी आणि ‘फुंगू’वर जास्त विकतात. चार-पाच टोमॅटोंचा मनोरा, तीन गाजरं, लसणाचे दोन गड्डे, असे वाटे गोणपाटावर मांडलेले असतात आणि वाट्याची किंमत ठरलेली असते. तिथे घासाघीस शोभत नाही. हवं तर पैसे दिल्यावर हसून ‘न्योंगेझा’ मागा, वरचं काहीतरी. एखादा टोमॅटो, चार मिरच्या पिशवीत पडतात. कापड, लाकडी कोरीवकाम, चित्रं इथे भाव करायचाच, पण हसतखेळत. बायकांसाठी ‘कांगा’ घ्यावा. सुती कापडाची ही जोडी असते, काठ रंगीत आणि खालच्या बाजूला स्वाहिलीत एक वचन छापलेलं. भेट द्यायची असेल तर त्याचा अर्थ दुकानदाराला विचारल्याशिवाय घेऊ नका. काही वचनं थेट सवतीला किंवा शेजारणीला टोमणे असतात.

पैशांचं थोडक्यात. सर्वांत मोठी नोट १०,००० शिलिंगांची आणि तिची मोड कुणाकडे नसते. मिळेल तिथे पाचशे-हजार जमवत राहा. आपल्या यूपीआयचा तिथे उपयोग नाही. तिकडचे लोक फोनवरून पैसे पाठवतात ते मोबाइल कंपन्यांच्या खात्यातून, आणि छोट्या टपरीत बसलेला ‘वकाला’ रोख घेऊन ते खात्यात भरून देतो. आठवडाभर राहणार असाल तर सिमकार्ड कंपनीच्या दुकानातून, पासपोर्ट दाखवून घ्या. रस्त्यावर छत्रीखाली बसलेल्याकडून नको. डॉलर न्याल तर नव्या छपाईच्या, न फाटलेल्या नोटा न्या, कारण जुन्या घेत नाहीत. २०२५पासून देशांतर्गत व्यवहार शिलिंगातच करायचा नियम झाला आहे, त्यामुळे कुणी किंमत डॉलरमध्ये सांगून डॉलरच मागत असेल तर सावध व्हा.

संध्याकाळ मात्र रिकामी ठेवा. सूर्य साडेसहाच्या सुमारास झपकन बुडतो. त्याआधीच पितळी किंवा ॲल्युमिनियमची उभट किटली, तिच्या बुडाशी निखारे, आणि एका हातात चिनीमातीच्या इवल्या पेल्यांची किणकिण करत कॉफीवाला येतो. कॉफी काळी, कडू, दोन घोटांची. सोबत शेंगदाण्याची ‘काशाता’, म्हणजे चिक्कीच. ओट्यावर बसलेले पुरुष हातपाय पसरून वाद घालत असतात. झांझिबारच्या जुन्या घरांना बाहेरच्या भिंतीलगत दगडी ओटेच बांधलेले आहेत. ‘बाराझा’ म्हणतात त्यांना. शेजारी चौकटी आखलेला पुठ्ठा आणि त्यावर सोड्याच्या बाटल्यांची बुचं. एकाची बुचं उलटी, दुसऱ्याची सुलटी. एवढ्या सामानावर डाव तासन्‌तास रंगतो. तिथे जाऊन नमस्कार करा आणि गप्प बसा, कॉफी आपोआप पुढे येईल. विषय हवा असेल तर फुटबॉल काढा. सिंबा की यांगा, या प्रश्नावर सारा देश दुभंगलेला आहे. समोरचा कुठल्या संघाचा हे कळेपर्यंत आपलं मत देऊ नये. लाल सिंबाचा, हिरवा-पिवळा यांगाचा, शर्टावरून अंदाज येतो.

राजकारण निघालं तर ऐकून घ्या, बोलू नका. ऑक्टोबर २०२५च्या निवडणुकीच्या वेळी दार-ए-सलाममध्ये संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद पडलं. निघण्याआधी भारतीय उच्चायुक्तालयाच्या सूचना वाचा आणि दोन दिवस पुरेल इतकी रोकड जवळ असू द्या. सरकारी इमारती, पोलीस, बंदर यांचे फोटो काढू नका. माणसांचे काढायचे तर विचारून. लाल शाल पांघरलेला मसाई तुमच्या हॉटेलच्या दारात रखवालदार म्हणून उभा असेल, तो काही प्रदर्शनातली वस्तू नाही.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, तसल्याच नावाची दलालांची संकेतस्थळं भरपूर आहेत. वाटेत केनिया किंवा इथिओपियात मुक्काम असेल तर पीतज्वराची लस आणि तिचं पिवळं पुस्तक लागतं. नुसतं विमान बदलणार असाल तरी घेऊन टाका, काउंटरवर वाद घालण्यापेक्षा ते बरं. लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि एकदा घेतली की जन्मभर चालते. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. बोटीने झांझिबारला जाताना देश तोच असला तरी पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि ऑक्टोबर २०२४पासून परदेशी पाहुण्यांना तिथला ४४ डॉलरचा विमा सक्तीचा आहे. झांझिबार जवळपास पूर्ण मुस्लिम आहे. समुद्रकिनारा सोडून गावात शिरताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, आणि रमजानमध्ये दिवसा रस्त्यावर खाऊ-पिऊ नये. प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर जून २०१९पासून देशभर बंदी आहे, म्हणून चिवडा-चकल्या कापडी पिशवीत भरा. भिंतीवरचे प्लग तीन चौकोनी पायांचे असतात, अडॅप्टर इथूनच न्या. मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ, तो टाळा.

आणि सहल कंपनीशी बोलताना एक आग्रह धराच. शहरातले दिवस शेवटी नको, सुरुवातीला मागा. शेवटी ठेवले की ते खरेदीत आणि सामान बांधण्यात जातात. पहिल्या दोन दिवसांत शिकामो-मराहाबा जिभेवर बसलं, तर पुढचा आठवडाभर जीपमध्ये तुमच्या शेजारी बसणारा चालक नुसता सिंह दाखवून थांबणार नाही, त्याचं गाव कुठलं तेही सांगेल.